शेषेरावांची सही

प्रिय तनुजा,

तुझे मूळ दाखले न्यायला तुझी आई आज सकाळी उमरीहून लातूरला आली. तू आली नाहीस, म्हणून हे पत्र लिहिणे भाग पडले.

आपल्या शिष्यवृत्ती मंडळात मुलींचे मूळ कागद माझ्या कपाटात राहतात. घरी ठेवले की कधी उंदीर खातात, कधी कुणी रागाच्या भरात चुलीत घालते. तुझे पाकीट काढायला आज फार वेळ लागला. हाताशीच होते, तरी.

मंडळाच्या पहिल्या रविवारच्या बैठकीला तू दहा मिनिटे उशिरा आलीस आणि मी तुला दारातच उभे केले. आत आल्यावर तू शेजारणीला पुटपुटलीस, "बाईंचं घड्याळ लई घाईत हाय." मी ऐकले होते. घरी जाऊन हसलेही, पण तुला कधी सांगितले नाही. पहिल्या सत्रात रसायनशास्त्रात तू वर्गात पहिली आलीस, तेव्हा गणितात गुण का गेले एवढेच मी विचारले.

मार्चमध्ये पुढच्या वर्षाच्या फॉर्मवर तू आईचा अंगठा आणलास. मी तो परत केला. वडील हयात असतील तर त्यांचीच सही, हा नियम मीच घातलेला. मागाहून घरातून कटकट नको म्हणून. बाबांना आत्ता विचारायला नको, असे तू म्हणालीस. मी कारण विचारले नाही. नियम सगळ्यांना सारखा, एवढे बोलून पुढच्या मुलीला हाक मारली.

हे शिक्षण एकाच वर्षाचे आहे, असे आईने तुझ्या बाबांना, शेषेरावांना सांगून ठेवले होते. ते मला आज कळले. फॉर्मवर 'उरलेली वर्षे: दोन' हे माझ्याच अक्षरात होते. सहीसाठी फॉर्म पुढे आल्यावर त्यांनी ते वाचले, सही केली नाही, आणि वैशाखात धर्माबादला तुझे लग्न लावून दिले. पत्रिका आली तेव्हा, पोरगी एका शब्दाने बोलली नाही म्हणून मी चिडले. तू बोलली होतीस.

आई पाणीसुद्धा प्यायली नाही. कागद दिल्याची नोंद करायला मी वही आणि शाईचा पॅड पुढे सरकवला, तेव्हा ती म्हणाली, "बाई, कागद न्यायला माझा अंगठा चालतो, मंग तवा का न्हाई चालला?" मी पॅड उघडा धरून बसून राहिले. मग तिने आपणच अंगठा उमटवला. पुढे म्हणाली, तुला पुन्हा कॉलेजात नाव घालायचे आहे, सासरी अजून कुणाला सांगितलेले नाही, आणि माझ्याकडे मात्र तुला यायचे नाही. बरोबर आहे तुझे.

तुला परत बोलावण्यासाठी मी लिहीत नाही. जूनमध्ये मी मंडळाच्या इतिवृत्तात 'तनुजाने स्वेच्छेने शिक्षण सोडले' असे लिहिले आणि कॉलेजलाही तेच कळवले. तू तिथे गेलीस की ते वाक्य तुझ्या आड येईल. ते खोटे होते. आज मी ते खोडले आणि प्राचार्यांना लिहून दिले, की चूक मुलीची नव्हती, माझी होती. तिला तिची जागा मिळावी. ते पत्र तूच नेऊन दे. माझी ओळख सांगायची गरज नाही.

तुझी बाई,
उमादेवी

तुझ्या आईच्या, साखराबाईंच्या हाती दिले: दहावी व बारावीची गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, पहिल्या सत्राचे गुणपत्रक, प्राचार्यांच्या नावचे पत्र. सर्व मूळ प्रती. झेरॉक्स मी ठेवलेली नाही.