नायलॉनचा फास

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज तुमची आठवण आली ती भीतीने.  

उत्खननावरून तुम्ही अंबाडीचे वाख घेऊन यायचात, स्वयंपाकघरात फतकल मारून मांडीवर दोरी वळत बसायचात आणि आई म्हणायची, "आदिमानव, पाय आवरा, मला ओट्यापाशी जायचंय." तुम्ही मात्र माझ्याशीच बोलत असायचात. "अश्मयुगातली माणसं काय रोज भाले घेऊन गव्यामागे धावत होती? पोट भरायचं सशा-तितरांवर, आणि ती धरायची फाशाने. आम्हाला त्यांची हाडं मिळतात, फास मिळत नाही. दोरी कुजून जाते." मी दहा वर्षांची असताना तुमच्या कॅम्पवर तंबूमागे मी तसाच फास लावला आणि जेवायला हाक आली तशी विसरून गेले. सकाळी त्यात मुंगूस अडकलेलं. तुम्ही मला मारलं नाहीत. दंड धरून शेजारी बसवलंत आणि दोरी कापून होईपर्यंत मान वळवू दिली नाहीत. "फास लावणाऱ्याला विसरायची मुभा नसते," एवढंच म्हणालात. लंगडत जाणारं ते मुंगूस मला अजून दिसतंय.

आणि तरी, या शनिवारी, इथे परदेशात, आंग मो किओतल्या आमच्या ब्लॉकमागच्या टेकडीवर मी फास लावले. एक नाही, तीन! लेकीचा शाळेचा अश्मयुगातल्या शिकारीवरचा प्रोजेक्ट होता. ती म्हणाली, "दे यूज्ड स्पिअर्स लाह, मम्मी," झालं, माझ्यातली तुमची मुलगी जागी झाली. अंबाडी इथे कुठली? कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी घेतली. रोप वाकवायचं, फास बांधायचा, फोटो काढायचा, लगेच सोडायचं, असं ठरलं होतं. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. मी बोलत उभी, आणि तिसरा फास लेकीने आत झुडपात एकटीने लावला. मग वीज कडाडली, आम्ही घाईघाईने फास काढले आणि पळालो. दोनच काढले, हे घरी आल्यावर कळलं. परत गेलो तर तिला जागाच आठवेना.

रविवारी मी चार वेळा गेले. त्या पायवाटेवर लहान मुलं धावत होती आणि प्रत्येक मूल झुडपाकडे वळलं की मी त्याच्या आधी तिथे धावत होते. सोमवारी लिफ्टमध्ये शेजारच्या चिनी आंटींनी विचारलं, "यू सी माय व्हाइट कॅट ऑर नॉट? टू डेज नो कम ईट." ब्लॉकखालच्या त्या मांजरीला त्याच खायला घालतात. चोराच्या मनात चांदणं, बाबा. मी नाही म्हटलं आणि मजल्यांचे आकडे बघत राहिले.

आज सुट्टी टाकून शोधलं तेव्हा तिसरा फास सापडला. रोप सरळ उभं होतं, दोरी चावून तोडलेली, माती खरवडलेली, दोरीला चिकटलेले पांढरे केस. फासाचा वेढा मात्र नव्हता. म्हणजे तो त्या मांजरीच्या गळ्यात आहे, नाहीतर पायात. अंबाडी असती तर आज ना उद्या कुजून गळून पडली असती. नायलॉन कुजत नाही, ते नुसतं आवळत जातं.

लेकीला सांगितलं, "सापडला गं, रिकामा होता." ती खूश होऊन फोटो चिकटवायला बसली. अडकलेल्या जनावरांसाठी इथे एक नंबर आहे. फोन केला की माणसं येतात, शोधतात, सोडवतात. दुपारपासून तो समोर लिहून ठेवलाय. पण फास कुणी लावला, हे ती माणसं विचारणारच. इथे तो गुन्हा आहे, आणि आमचा पीआरचा, इथे कायम राहायच्या परवानगीचा, अर्ज अजून विचारात आहे. नवऱ्यालाही बोलले नाही.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहितेय. तुम्ही असतात तर फोन माझ्या हातात दिला असतात आणि मी बोलेपर्यंत समोरून हलला नसतात. खरं सांगू, बाबा? आज पहिल्यांदा वाटलं, बरं झालं तुम्ही नाही.