दरसालचा राजीनामा

छत्रपती संभाजीनगर,
बुधवार, भर दुपार

ती. काकासाहेब दाजींस,

सोमनाथचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकता येत नाही, कंबर धरली आहे. पण मनानं पार जमिनीला टेकलोय असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? डेअरीतला दुधाचा काटा नीट झाला का? आक्काची साखर, म्हशीचं पोट, बोअरचं पाणी, सगळं आपापल्या जागी असेल अशी आशा करतो. पत्र घराऐवजी डेअरीच्या पत्त्यावर धाडतोय, कारण घरी टपाल आक्काच घेते, फोनही तीच उचलते, आणि यातलं अक्षरही तिच्या कानावर जायला नको. भाऊ संस्थेचा संचालक, याचा तिला केवढा अभिमान! तेव्हा हे एकट्यानं वाचा आणि वाचण्याआधी खाली बसून घ्या. मी उभ्यानं ऐकलं, त्याचे परिणाम कंबर भोगते आहे.

तर झालं असं. आमच्या संस्थेला अठरा वर्षं डेन्मार्कच्या एका संस्थेची मदत येते हे तुम्हाला ठाऊकच आहे. (तुमच्या दारात उभी राहते ती जीप त्यांचीच.) पण मदतीबरोबर हुकूमही तिकडूनच यायचे. तुमच्या गव्हाणवाडीत शाळेच्या संडासाचं दार आत उघडावं की बाहेर, हे ठरायला कोपनहेगनात सात महिने लागले, आणि तोवर पोरं बाभळीमागं जात होती! मी दर ऑनलाइन मीटिंगला वर टाय अन् खाली पायजमा घालून कळवळून सांगायचो, की बाई, इथलं इथल्यांना कळतं, कारभार स्थानिक माणसांच्या हाती द्या. अठरा वर्षं नरडं कोरडं केलं. आणि दाजी, यंदा त्यांनी ऐकलं! तिकडच्या प्रमुख किर्स्टनबाईंचं पत्र आलं, की तुमचं म्हणणं आम्हाला पूर्ण पटलं, यापुढं आम्ही मागं बसू, निर्णय स्थानिकांनी घ्यायचे. मी शहागंजातून पेढे आणून सगळ्या ऑफिसात वाटले. आता सांगायला जीव जातो, पण स्थानिक म्हणजे मी, असंच मी धरून चाललो होतो. दुसरं कोण असणार? बाईंच्या मनात मात्र स्थानिक म्हणजे चाळीस गावांतल्या बचत गटांच्या बाया होत्या.

तरी मी घाबरलो नाही. नवी नियमावली करायची होती, ती मीच बसून केली. बाईंवर छाप पडावी म्हणून तीत एकेक कलम असं घातलं, की वाचून त्या खुर्चीतून उठल्याच असतील. सगळ्या बायांना लिहिता येत नाही, सबब सभेत तोंडी बोललेलं लेखी धरावं, हे माझं कलम. सभेत फक्त सभासद बसतील, पगारी माणसानं दबाव आणू नये म्हणून बाहेर थांबावं, हेही माझंच. (मी सोडून. संचालकानं दोन शब्द बोलायचे असतात.) हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला माझ्या अकलेचं भारीच कौतुक वाटत होतं.

आता आमच्या वार्षिक सभेची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. दरसाली शेवटी मी उठतो, चष्मा काढतो, जरा घसा खाकरतो आणि म्हणतो, "मायबाईंनो, आता मी थकलो. हा भार दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर द्या, मला मोकळं करा." मग हात जोडून, डोळे मिटून, मान खाली घालून उभा राहतो. मागून आमचा ड्रायव्हर रामकिसन ओरडतो, "नाय नाय साहेब, तुमच्याबिगर कोण हाय आम्हाला!" की सगळा मांडव टाळ्या वाजवतो, मी डोळे पुसतो (कधीकधी खरंच येतं हो पाणी) आणि म्हणतो, तुमचा आग्रहच आहे तर. त्यानंतर जेवण. अहो, पाहुण्यांच्या घरी आपण पहिल्या पोळीला नको म्हणतो, म्हणून कुणी ताट उचलून नेतं का?

नेलं, दाजी. ताट उचलून नेलं.

चितेगावजवळच्या मंगल कार्यालयात सभा होती. चारशे बाया, आणि पहिल्या रांगेत किर्स्टनबाई, शेजारी दुभाषी मुलगी. मी रीतीप्रमाणं थकलो. रीतीप्रमाणं डोळे मिटले. आणि वाट पाहत राहिलो. मांडव गप्प! रामकिसन माझ्याच कलमानुसार बाहेर जीपला टेकून शेंगा खात होता. एवढ्यात आवडाबाई उठल्या. (आमच्या प्रत्येक अहवालाच्या मुखपृष्ठावर डोक्यावर हंडा घेऊन हसतात त्या. अठरा वर्षं मला वाटायचं, बाई हसरी आहे, बस.) माईक हातात घेऊन म्हणाल्या, "साहेबांनी राजीनामा दिला. तोंडी बोललेलं लेखी धरायचं असा नेम हाय. मंजूर करायला कोण अनुमोदन देतं?" मला वाटलं थट्टा चालली आहे, म्हणून मी मान खालीच ठेवली. मागं कुठंतरी कुणाचा तरी हात वर झाला म्हणे, माईक किंचाळला, कुणीतरी नाव लिहून घेतलं, आणि ठराव पास. मान वर केली तेव्हा मी माजी झालो होतो! डोळे पांढरे व्हायची पाळी आली. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, ती सरकताना मी पाहिली, निळ्या सतरंजीसकट.

मी तोंड उघडणार, तोच किर्स्टनबाईंनी मला मिठी मारली. चारशे बायांसमोर! रडत होत्या. तीस देशांत काम केलं म्हणाल्या, पण स्वतःहून खुर्ची सोडणारा माणूस आज पहिल्यांदा पाहिला. दुभाष्या मुलीचेही डोळे भरलेले. आता या दोघींना कोणत्या तोंडानं सांगू, की बाई, ही आमच्याकडची म्हणायची पद्धत आहे? बाईंना द्यायला आणलेली हिमरू शाल त्यांनी माझ्याच अंगावर घातली, माझाच नारळ माझ्या हातात दिला, आणि फोटोत मी हसतोय. हसतोय, दाजी! नीट पाहिलं तर कळतं की जबडा अडकला आहे.

त्याला आज बारा दिवस झाले. पहिले दोन दिवस हर्सूल तुरुंगाच्या कोठडीत टाकल्यासारखा घरात बसून होतो. तिसऱ्या दिवशी सवयीनं ऑफिसात गेलो, तर तिथं कुलूप. नव्या समितीनं बैठक गावात घेतली होती, दुपारी दोनला, खुरपणी उरकल्यावर. माझ्या बैठका अकराला असायच्या, आणि बाया येत नाहीत म्हणून मी दर अहवालात 'सहभागाचा अभाव' लिहायचो. ती वेळ त्यांच्या खुरपणीची, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (आवडाबाई म्हणतात, सांगितलं होतं.) पहिल्याच बैठकीत त्यांनी हॉटेलातलं नेतृत्व शिबिर रद्द केलं आणि अकरा गावांचे हातपंप दुरुस्तीला काढले. किर्स्टनबाईंना वाटाघाटीत दोनदा नाही म्हणाल्या. नाही! मी अठरा वर्षांत त्यांना फार तर 'पाहू' म्हणालो असेन. आणि बाई ऐकतात, मुकाट्यानं ऐकतात! आता वर आणखी कहर म्हणजे, बाईंनी मला नऊ देशांतल्या संचालकांपुढं ऑनलाइन भाषण द्यायला बोलावलंय. विषय, 'खुर्ची हसतमुखानं कशी सोडावी'. आमच्या घरात तनुजानं तो विषय वाचला आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून हसली. बायको असून!

असो. कळावे. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, आणि म्हशीला वैरण.

आपला,
सोमनाथ

ता. क. – खरं काम आता लिहितो. नियमावलीत माझं आणखी एक कलम आहे, की अनुमोदन देणाऱ्यानं पंधरा दिवसांत ते मागं घेतलं तर ठराव पडतो. इतिवृत्त पाहिलं. अनुमोदक म्हणून 'रत्नमाला औताडे, गव्हाणवाडी' असं लिहिलंय. दाजी, ही तर तुमच्याच भावकीतली! गव्हाणवाडीत अर्धं गाव औताडे, तेव्हा कोणत्या घरची ते तुम्ही हुडकून काढा. बाई भांडखोर दिसते. मी समितीकडं लेखी हरकतही घेतली आहे, की ही कोण रत्नमाला, ही बाहेरची बाई मुद्दाम आणून बसवलेली आहे. तुमचा शब्द भावकीत चालतो. शनिवारच्या आत तिला समजावा, म्हणावं एका भल्या माणसाच्या पोटावर पाय देऊ नको. माझं सगळं आता त्या बाईवर आहे.

ता. क. २ – चिकटवलेलं पाकीट फोडून हे लिहितोय. माझ्या हरकतीला आवडाबाईंचं उत्तर आत्ताच फोनवर आलं, बोललेलं. तीन वेळा ऐकलं. "साहेब, बाहेरची कुठली? रत्नमाला म्हंजी तुमची बहीण हाय की!"

दाजी, लग्नात तुम्ही ताटातल्या तांदळावर अंगठीनं तिचं सासरचं नाव लिहिलंत, तेव्हा मी मांडवामागं पंगतीत बुंदी वाढत होतो. पुढं कधी विचारलं नाही. आम्हाला ती आक्का, फोनमध्येही आक्का. ती बचत गटात आहे हेही मला माहीत नव्हतं. आठ वर्षं आहे म्हणे! माझ्याच संस्थेत!

आवडाबाई पुढं म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहितो. "सभेच्या आदल्या दिशी ती मला म्हणली, माझा भाऊ दरसाली थकलो थकलो म्हणतो, डोळ्यांतून पाणी काढतो, अन् हे लोक टाळ्या वाजवून पुन्हा त्याच्याच डोक्यावर ओझं देतेत. कुणालाच त्याची दया येत नाय. यंदा कुणी नाय उठलं तर मी उठीन."

म्हणूनच आक्का परवा फोनवर विचारत होती, "आता झोप लागती का रे?" मी म्हणालो, लागते.

वरची विनंती रद्द समजा. रविवारी जेवायला येतो. जीप गेली, एसटीनं येईन. आणि आक्कानं कधी विषय काढलाच, तर सांगा, सोमनाथ खरंच लई थकला होता.