धुक्यात उत्तर देणारी बंदूक

२ नोव्हेंबर १९५७

टेबल पुसलं आणि पुन्हा काडतुसं भरायला बसले. धाकटी बहीण एनिड म्हणते, "ताई, स्वयंपाकघरात पावाचा वास यावा, गंधकाचा नाही!" येऊ दे. तिचं स्वयंपाकघर लिंकनला आहे, हे माझं आहे.

आजोबांच्या बंदुकीला दुकानातलं काडतूस चालत नाही. नळ्या जुन्या, लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेल्या. नव्या दारूचा दणका बसला तर नळी फाटेल आणि माझा हात जाईल. तिला जुनी काळी दारूच लागते, आणि तसली काडतुसं आता इथे कुणी विकत नाही. घरी भरायची. हे रूबेनचं काम होतं. धाकटा भाऊ, पण या बाबतीत माझा मास्तर! "डोर्कस, दारूवरची चकती हलक्या हाताने दाब. कणीक तिंबतेस का?"

गेल्या जानेवारीत तो वडलांची तसलीच जुनी बंदूक घेऊन समुद्रालगतच्या खाजणात रानहंसांच्या मागे गेला आणि धुकं उतरलं. मी बांधावर उभी राहून बार काढत राहिले, आवाजाच्या रोखाने तो परत यावा म्हणून. इथे सगळे असंच करतात. काडतुसं संपली. धुकं संपलं नाही. मग भरती आली.

तो अजून सापडलेला नाही.

माझ्याकडची काडतुसं आता कधीच संपणार नाहीत.

९ नोव्हेंबर

दिवसभर नमद्याच्या, जाड दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या कापल्या. छर्रे घालतच नाही. आवाज हवा, बस.

१४ नोव्हेंबर

धुकं! दुपारीच उतरलं. रूबेनची कुत्री टॅन्सी आणि मी बांधावर गेलो. बार काढला. धूर धुक्यात मिसळला, काही दिसेना.

मग समुद्राकडून — घुम्म.

नवी दारू फाडकन वाजते. हा आवाज तसा नव्हता. काळ्या दारूचा, खोल, पोटात उतरणारा.

प्रतिध्वनी असेल म्हणावं, तर समोर आहे काय? चिखल आणि पाणी. आवाज परत फिरायला भिंत कुठे आहे!

टॅन्सी शेपूट हलवत होती.

१५ नोव्हेंबर

शेजारच्या विल्फ स्क्रिमशॉंना सांगितलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, बायको गेल्यापासून एकटाच. त्यांच्याकडेही तसलीच जुनी बंदूक आहे. काडतुसं मी भरून देते, ते मला ईल मासे देतात. ऐकून घेतलं, पाइप साफ करत बसले. "धुक्यात कान फसतात, पोरी." माझ्याकडे बघितलं मात्र नाही.

३० नोव्हेंबर

पुन्हा धुकं. पुन्हा उत्तर. या वेळी जवळून — मोठ्या ओहोळाच्या तोंडापासून. मी हाक मारली. "रूबेन!" काहीच नाही. पुन्हा भरायला गेले. काडतूस चिखलात पडलं. टॅन्सी बांध उतरून खाली जाऊ लागली, तिला मानेला धरून ओढत आणलं. दिवसाउजेडी दाराला कडी घातली.

मला त्याची भीती वाटली. सख्ख्या भावाची!

३ डिसेंबर

जेवण जात नाही.

१७ डिसेंबर

आज सगळं कळलं. ईल द्यायला विल्फ आले. कोट खुर्चीवर टाकला, तर त्याला वास — कुजक्या अंड्यांचा, काळ्या दारूचा! ओल्या कोटाला चिखलही लागलेला. एका क्षणात डोक्यात लख्ख प्रकाश.

"मिस्टर स्क्रिमशॉ, माझी दया येते म्हणून खाजणात जाऊन बार काढता का?"

"मी? या गुडघ्यांनी? चर्चच्या पायऱ्या चढताना मला दोघं लागतात!"

"मग हा वास?"

"सकाळी शेतात कबुतरं मारली. दोन पाठवतो, शिजव."

"थट्टा नको! माझ्या भावाचं सोंग घेता तुम्ही!"

म्हातारा पांढरा पडला. हळूच म्हणाला, "मीही ऐकतो तो आवाज, पोरी. मला वाटायचं, दोन्ही बार तूच काढतेस."

"खोटं बोलता!" त्यांचे मासे त्यांच्याच हातात दिले आणि दार लावलं.

रडले. राग की दुःख, ठाऊक नाही. खरं सांगायचं तर कुणीतरी होतं तिकडे, एवढंच मला हवं होतं. आणि ते कुणीतरी विल्फच ठरले.

२० डिसेंबर

पुरे झालं. बंदूक कपाटात, कपाटाला कुलूप. नाताळला एनिडकडे चालले. टॅन्सीलाही नेते. विल्फना सांगितलं नाही. कशाला सांगू?

२३ डिसेंबर, लिंकन

इथेही धुकं. बसचे दिवे तेवढे तरंगताना दिसतात. बार काढायला हात शिवशिवले. एनिडने प्लम केकसाठी मनुका निवडायला बसवलं. "ताई, तोंडावर जरा रंग आलाय हं!" झोपही छान लागली.

२७ डिसेंबर

परत आले. बसमध्येच कंडक्टरने सांगितलं. विल्फ तेवीस तारखेला खाजणात गेले आणि धुक्यात चुकले. संध्याकाळी बांधावर पडलेले सापडले, कंबरेपर्यंत भिजलेले. जिवंत आहेत, इस्पितळात. निघताना, नाताळला आलेल्या लेकीला म्हणाले होते, "डोर्कस मला खोटारडा म्हणते. तिच्या बाराला उत्तर कोण देतं, ते बघून येतो."

माझ्यामुळे गेला म्हातारा! माझ्या बारांची वाट बघत उभा राहिला असेल. आणि मी तिकडे मनुका निवडत होते.

उद्या जाऊन पाय धरते.

२८ डिसेंबर

विल्फ भेटले. मी माफी मागायच्या आधीच त्यांनी माझा हात घट्ट धरला. "चहूबाजूंनी पाणी चढत होतं, पोरी. तुझे बार ऐकत ऐकतच बांध गाठला. सारखे काढत होतीस — खांदा सुजला असेल गं तुझा!"

मी म्हटलं, "थोडासा."