तिसरी पायरी जपून

रबाळे,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. क्रांती,

जय भीम. मी बरा आहे, तू बरी असशील. गोळ्या वेळेवर घेतो. सोसायटीची पाण्याची मोटर बिघडली होती, ती परवा दुरुस्त झाली. आईने लावलेल्या गवती चहाला नवीन पाती आली आहेत.

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोनवर तुझा आवाज बदलला की मी विषय बदलतो. म्हणून लिहायला बसलो.

काल मी आईच्या त्या म्युझियमच्या बंगल्यावर जाऊन आलो. तू जाऊ नका म्हणाली होतीस, ते लक्षात होतं. का म्हणाली होतीस, तेही आता कळलं आहे. शेजारच्या रखमावहिनींनी सांगितलं. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "भावजी, रागावू नका. पण मोबाईलवर आलंय. त्या मिठागराच्या साहेबाच्या बंगल्यात आता मडमेबरोबर जयमालाताईपण दिसते म्हणे." आईला भूत केलेला तो व्हिडिओ तू आधीच पाहिला होतास. माझ्यापासून लपवलास. चांगल्यासाठीच लपवलास, माझी तक्रार नाही.

मी रागाने गेलो, असं समज.

आई गेल्यापासून मी तिकडे फिरकलो नव्हतो. बाहेरून सगळं तसंच आहे. तोच व्हरांडा, त्याच रंगीत काचा, मागे खाडी. दर शनिवारी संध्याकाळी आता तिथे भुताची फेरी असते, तिचं तिकीट वेगळं. आम्ही पंधराएक जण होतो. माहिती सांगायला उन्नती नावाची नवीन मुलगी आहे. आईनंतर लागली, त्यामुळे तिने मला ओळखलं नाही.

खाली तिने साहेबाची बंदूक आणि पियानो दाखवला. वर मडमेची खोली. मच्छरदाणीचा पलंग, आरसा, तापाने गेलेली मडम रात्री केस विंचरते वगैरे. ही गोष्ट आपल्याला जुनीच. तुला आठवतं का, आई त्या खोलीत जाताना दार वाजवायची आणि म्हणायची, "मडम, झाडू मारायला येते हां." मी एकदा चिडवलं, बौद्धाची बाई आणि भुताला विचारतेस? तर म्हणाली, "भूत मी मानत नाही. पण कुणाच्या बेडरूममध्ये न विचारता शिरायचं का?"

मग आम्ही जिन्याने उतरू लागलो. खालून तिसऱ्या पायरीपाशी उन्नतीने सगळ्यांना थांबवलं. आवाज एकदम बारीक केला.

"इथे एक कामवाली बाई होती. मडमने तिला वरून ढकललं. ती याच पायरीवर गेली. आणि घरच्यांनी तिचं दहावं-तेरावं काहीच केलं नाही. मग आत्मा जाणार कुठे? अंधार पडला की ती इथे बसलेली असते. केस मोकळे, हातात हिरव्या बांगड्या."

"अगं बाई, मी उभी आहे तीच का?" एक बाई पटकन वर सरकल्या.

त्यांचा नवरा म्हणाला, "बसू दे की बिचारीला. आपल्या सोसायटीतल्या भुतांसारखी मेंटेनन्स तर मागत नाही ना?" सगळे हसले.

मी म्हणालो, "ती कामवाली नव्हती. इथली अटेंडंट होती."

"काका, तुम्ही ओळखायचात त्यांना?"

"माझी बायको."

 मग मी थांबलोच नाही. "तिला कुणी ढकललं नाही. दुपारी चहा घेऊन ती इथे टेकली, छातीत कळ आली आणि गेली. आम्ही बौद्ध आहोत. तेरावं करत नाही. जलदान विधी केला, पुण्यानुमोदन केलं, भन्तेजी आले होते. तिचं जे करायचं ते सगळं केलं. आणि केस ती कधी मोकळे सोडत नव्हती."

माझा आवाज एवढा चढतो, हे मलाच माहीत नव्हतं. त्या गृहस्थांनी हात जोडले. उन्नती रडवेली झाली. "सॉरी काका. मला लिहून दिलंय तसं मी बोलते. कुणाच्या घरचं असेल असं डोक्यातच आलं नाही."

वाईट मुलगी नाही ती.

सगळे खाली गेले. मी म्हणालो, जरा बसतो.

वर लिहिलं की मी रागाने गेलो. ते पूर्ण खरं नाही. रखमावहिनी 'दिसते' म्हणाल्या, त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ती रागामुळे नव्हे. काल इस्त्रीचा शर्ट घातला होता, तिने घेतलेला निळा. दिवे लागेपर्यंत मी त्या पायरीवर बसून होतो. एकदा हळूच म्हणालोसुद्धा, "जया, मी आलोय."

काही झालं नाही. खाडीचा वारा होता, वरची एक खिडकी वाजत होती. ती नेहमीच वाजते.

मला वाईट वाटलं, क्रांती. आत्मा नसतो, हे तुला लहानपणी मीच शिकवलं. आणि मीच तिकीट काढून वाट बघत बसलो. हे तुला सांगायचं नव्हतं. पण हे वगळलं तर पुढचं तुला कळणार नाही.

मग उठलो आणि ऑफिसात गेलो. मॅनेजर कमळाकर साहेब होते. आईच्या अंत्यविधीला ते आले होते, तुला आठवत असतील. खुर्ची पुढे सरकवून म्हणाले, "शहाजीराव, आम्ही त्यांचं नाव कुठे घेतो? आणि खरं सांगू का, शनिवारची गर्दी त्या गोष्टीमुळेच आहे."

मी म्हणालो, "नाव घ्या. नाव घ्या आणि खरं सांगा. नाहीतर ती गोष्ट काढून टाका."

"ट्रस्टला विचारावं लागेल. आणि अटेंडंटची खरी गोष्ट ऐकायला लोक येतील का?"

"विचारा. तोवर दर शनिवारी तिकीट काढून मी त्या पायरीपाशी उभा राहीन. तुमच्या उन्नतीचं सांगून झालं की मी सांगेन."

साहेब म्हणाले, "तुम्ही एवढं बोलता, हे जयमालाबाईंनी कधी सांगितलं नाही."

"तिच्यापुढे माझी पाळीच येत नव्हती," मी म्हणालो. तेव्हा दोघेही थोडे हसलो.

तर पुढच्या शनिवारी मी जाणार आहे, आणि त्याच्या पुढच्याही. मला थांबवायला फोन करू नकोस. चार लोकांपुढे काय बोलायचं हे मात्र मला सुचत नाही. नाव सांगेन. ती दर सोमवारी पियानो पुसायची आणि एक तरी पट्टी वाजवून बघायची, ते सांगेन. बाकीचं तुला जास्त माहीत आहे. जमलं तर तू ये. तुझ्या शाळेच्या सहलीला तिनेच तो बंगला दाखवला होता, आणि 'ही माझी आई' असं तू सगळ्या वर्गाला ओरडून सांगितलं होतंस. तेवढंच पुन्हा सांग, पुष्कळ होईल.

आई तिथे नाही. मी खात्री करून आलो आहे. ती असती तर तिचं तीच बोलली असती. ती नाही, म्हणूनच आपल्यापैकी कुणीतरी तिथे उभं राहायला हवं.

ती पायरी अजून तशीच झिजलेली आहे, कुणी दुरुस्त केलेली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला आई जे सांगायची, ते आता तिथे कुणी सांगत नाही. म्हणून मी सांगतो. येशील तेव्हा तिसरी पायरी जपून.

तुझा,
पप्पा