घर माझं, कारभार लेकीचा

४ मार्च
आज ठमीनं माझं शिलाई मशीनच हलवलं! खिडकीजवळून उचलून थेट आतल्या खोलीत. का? तर धूळ येते! मी भाजी घेऊन येते तो काम उरकलेलं. इतकी वर्षं त्या उजेडात बसून लोकांच्या पँटी आखूड केल्या. आता भरदुपारी बल्ब लावून सुईत दोरा ओवायचा.
वर म्हणते, "आई, थँक्यू तरी म्हण!"

५ मार्च
मशीन ओढत परत खिडकीशी नेलं. कंबर धरली.

६ मार्च
मशीन पुन्हा आत.

९ मार्च
नवरा सोडून गेला म्हणून ठमी माझ्याकडे आली, तेव्हा मीच तिची बॅग आत घेतली. हवं तितकं राहा म्हटलं. मनापासून म्हटलं. पण ही बालवाडीत शिकवते आणि संध्याकाळी बालवाडी घरी घेऊन येते. "हात धुतलेस? चष्मा जागेवर ठेव. शहाणी ना तू!" — अगं, साठी उलटली माझी!
काल तर गिऱ्हाइकासमोर — "तिला हल्ली नीट दिसत नाही, घाईचं काम देऊ नका." बाई आपला कोट काखेत मारून गेली.
शेजारीण म्हणते, "नशीबवान आहात, लेक किती जपते!" जपते! कपाटातल्या कपबशा जपतात तशी.
कधी जाईल ही इथून? लिहिलं एकदाचं. बोलायची तर सोय नाही.

१४ मार्च
"घर बघतेय मी," म्हणाली. चेहऱ्यावर आनंद दिसू दिला नाही. दुपारभर गुणगुणत शिवलं!

२१ मार्च
घर मिळालं. दोघींसाठी!! आपल्या घरमालकाला हे घर सोडतोय म्हणून सांगूनही आली. "तुझी खोली आतली घेतलीय. शांत आहे." मला विचारलं? छे!
"मी येणार नाही," मी म्हटलं. "तुला जायचं तर जा." आवाज चांगलाच चढला माझा. भिंतीपलीकडे शेजारणीला सगळं ऐकू गेलं असणार. जाऊ दे!
ठमी चपला घालून बाहेर पडली. उशिरा आली. जेवली नाही.

२२ मार्च
घरमालकाला फोन केला — भाडेकरू मी आहे, मी कुठेही जात नाही. "बरं," म्हणाला. इतकं सोपं होतं!
ठमी आली ती थेट आपल्या खोलीत.

२३ मार्च
सामान भरायला मदत करावी म्हणून तिच्या खोलीत गेले. बॅग रिकामी. छत्तीस वर्षांची माझी मुलगी पलंगावर पाय जवळ घेऊन बसलेली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "एकटीला नाही गं जमत मला. तो गेल्यावर त्या घरात टीव्ही कधी बंदच केला नाही मी. कुणीतरी बोलत राहावं म्हणून."