खरं लिहिणारं माणूस

॥ श्री ॥
मुलुंड,
ता. १८ नोव्हेंबर १९८४

ती. गं. भा. रुक्मिणीवन्सं यांस, सुगंधाचा शि. सा. न. वि. वि.

धर्माभावोजींबरोबर पाठवलेली कोकमं आणि कुळथाचं पीठ पोचलं. पिठाला जरा वास लागलाय, पण ते पाप तुमच्या डब्याचं, माझं नाही. तुमचे भाऊ पिठी खातात का, असं मात्र विचारू नका. पुढ्यात ठेवली तर खातात, नाही ठेवली तर मागत नाहीत.

वन्सं, यांना ताप नाही, खोकला नाही, तरी मरोळच्या कारखान्यात रजा टाकून घरी बसलेत. सकाळी उठून खाटेच्या कडेला बसतात ते चहा गार होईपर्यंत. परवा म्हणाले की मी नसतो तर तुम्हा सगळ्यांचं बरं चाललं असतं. भाजी आणायला सांगावी तशा आवाजात म्हणाले, म्हणून मला जास्त भीती वाटली. यांच्या भजनातल्या बळवंतभाऊंच्या ओळखीने त्यांना घाटकोपरच्या एका इस्पितळात नेलं. मला वाटलं होतं विजेचे झटके देतील. तर तिथली डॉक्टरीणबाई गोळ्या देते आणि दर आठवड्याला नुसती बोलते. ती म्हणते, मनात आला म्हणून विचार खरा होत नाही. मासळी घेताना आपण कल्ले उघडून बघतो, तसा विचारही उघडून बघायचा. आपला हात लागला की वस्तू मोडते असं यांच्या मनाने घेतलंय. तर तिने शेजारच्या लहूचा स्टोव्ह दुरुस्त करायला लावला, आणि आधी काय होईल ते बोलून ठेवायला सांगितलं. हे म्हणाले भडका उडेल. काही उडालं नाही. लहूच्या घरून त्याच स्टोव्हवरचे पोहे आले. हे हसले नाहीत, पण खाल्ले. मी आत जाऊन रडून घेतलं.

आता मुख्य गोष्ट. सगळ्याच्या तळाशी एकच विचार आहे, की बाबा जाताना शाप देऊन गेले. संपाच्या वर्षी गिरणीच्या गेटावरून हलायचं नाही या हट्टापायी हे उशिरा पोचले आणि अग्नी धर्माभावोजींनी दिला, ते यांच्या जिवाला लागून राहिलंय. बाईने सांगितलं की तिथे हजर असलेल्या आणि कधी खोटं न बोलणाऱ्या माणसाला विचारा. यांनी तुमचं नाव घेतलं. पत्र येईल तुम्हाला.

वन्सं, जयवंताचा हात माझ्या चितेला लागू देऊ नका असं बाबांनी बजावलं होतं, हे तुम्हीच मला सांगितलंत. यांना मी कधी कळू दिलं नाही. पदर पसरते, ते लिहू नका. आशीर्वाद दिला असं लिहा.

माया आहे ती अशीच ठेवा.
आपली,
सुगंधा


॥ श्री ॥
वायंगणी,
ता. २९ नोव्हेंबर

चि. सौ. सुगंधा हिस अ. उ. आ. वि. वि.

पिठाला वास माझ्या डब्याचा नाही, धर्माच्या पिशवीचा. त्या पिशवीत काय काय प्रवास करतं ते तुला सांगायला नको.

जयाचं पत्र आलं. शाळेत असताना अक्षर एवढं गोल काढायचा, आता ओळ खाली खाली घसरत जाते. विचारतो, बाय, बाबा जाताना माझ्याविषयी काय बोलले ते जसंच्या तसं लिही.

माझ्या मनाने काही ठरेना, म्हणून रवळनाथाला कौल लावला. तू घाटकोपरात वाढलेली, तुला त्यातलं काय कळणार! देवाच्या अंगाला चिकटवलेली उजवीकडची पाकळी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. भावाच्या जिवासाठी खोटं लिहू का, असं मनात धरलं. डावी पडली. पुन्हा लावायला लावला, पुन्हा डावी. मग गुरव म्हणाला, देवाला पिडू नको, काय मागतेस ते सोडून दे.

पण मी सोडत नाही. आज लिहितेच त्याला, चांगलं सविस्तर. देवाशी माझं मी बघून घेईन. मात्र कौल मोडून आजवर आपल्या घरात कुणी काही केलेलं नाही, तेव्हा तू डोळ्यांत तेल घालून राहा.

पोरांना पापा. आठवण ठेव.
तुझी,
रुक्मिणी


॥ श्री ॥
मुलुंड,
ता. १५ डिसेंबर

ती. वन्सं यांस सुगंधाचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या तोंडात साखर पडो! पत्र आलं, यांनी दोनदा वाचलं, नीट घडी घालून खिशात ठेवलं, आणि तेव्हापासून माणूस शांत झालाय. झोप लागते. चिडचिड नाही. काल दाढी केली. भजनातला पखवाज बळवंतभाऊंना देऊन आले, म्हणाले नुसता पडून राहण्यापेक्षा वाजेल तरी. ट्रंक आवरली आणि खोलीचे कागद कुठे आहेत ते मला नीट दाखवलं. इतकी वर्षं मी मागे लागले होते, आता आपणहून केलं.

इस्पितळात मात्र या आठवड्याला गेले नाहीत. आता गरज नाही म्हणाले. मीही जोर केला नाही. देवाचा कौल चुकला म्हणायचा, दुसरं काय!

अशीच पाखर असू द्या.
आपली,
सुगंधा


॥ श्री ॥
मुलुंड,
ता. १६ डिसेंबर

ती. बाय हीस जयवंताचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तू लिहितेस की बाबांनी उजवा हात उचलून माझ्या नावाने आशीर्वाद दिला. बाय, बाबांचा उजवा हात ते जायच्या आदल्या वर्षीच लुळा पडला होता. त्या गणपतीत मीच त्यांना भरवत होतो. तुझ्या लक्षात कसं आलं नाही?

चितेला हात लावू नको म्हणाले, हे धर्मा मागेच माझ्याजवळ बोलून गेला होता. तो प्यायलेला होता, म्हणून त्याचा शब्द मी पक्का धरला नाही. डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं नाही. म्हटलं, बाय खरं लिहील. कडू असलं तर कडू. निदान माझ्याशी खरं बोलता येतं एवढं तरी कळेल. पण तूही मला सांभाळून घेतलंस. लहानपणी भावलीचा पाय मोडलास तेव्हासुद्धा खोटं बोलली नव्हतीस. म्हणजे माझी अवस्था काय असेल ते मला कळलं.

तुझ्यावर राग नाही. सुगंधा चांगली आहे, तिला कधी बोल लावू नको. पोरांना सुट्टीत गावाला नेत जा.

लोभ होता, तो मला पुरला.
तुझा,
जया


॥ श्री ॥
वायंगणी,
ता. २१ डिसेंबर

चि. जया यास अनेक अनेक आशीर्वाद.

पत्र आत्ता हातात पडलं. पाच दिवस ते वाटेत होतं आणि मी इथे मजेत भात वाळवत होते. सुगंधाला तार करायला माणूस पिटाळलाय, की याला क्षणभर एकटा सोडू नको आणि आधी बाईंकडे घेऊन जा. धर्मा याच गाडीने निघतोय, त्याच्या हाती हे देते. मी येईपर्यंत तुझ्या उशाशी बसून राहायचं असं त्याला बजावलंय. गुरं कुणाकडे तरी बांधते आणि मागोमाग निघते.

हाताचं खोटं होतं. धर्मा खरं बोलला. बाबांनी तुला शिव्याशाप दिले आणि मग मला अवदसा म्हणाले, नवऱ्याला खाऊन घरी आली म्हणाले. त्याच तोंडाने पेज मागितली आणि मी भरवली. त्यांचा शब्द म्हणजे देवाचा शब्द असता, तर मी कधीच मरायला हवं होतं. मी जिवंत आहे, भांडते आहे, तुझ्यावर चिडले आहे.

खोटं लिहिलं ते तू दुबळा झालास म्हणून नाही. घाबरले मी. देवाने दोनदा नको म्हटलं, तरी लिहिलं. तू गेलास तर मला माहेर म्हणायला कोण, एवढंच डोळ्यांपुढे होतं.

तुझ्या बाईंना पुरावा हवा ना? मग हा दाखव. बाबा काय बोलले ते सगळं या कानांनी ऐकलं ती मी. आणि ते ऐकूनही, तीन वर्षं प्रत्येक गणपतीत तुझ्या वाटेला डोळे लावून बसले तीही मीच. यात एक अक्षर खोटं नाही.

जया, बाकी काही मागत नाही. हे वाचायला तू असावास.

तुझी,
बाय