जीपचा अँटेना कोणी मोडला

१२ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी.
जीपच्या वायरलेसचा अँटेना मोडला. पार बुडापासून. अशी वस्तू आपोआप मोडत नाही. कोणीतरी मोडलाय.

येत्या रविवारी आमच्या गटाची जंगलात फेरी. सहा गाड्या. या वेळी पुढची गाडी माझी, हे जवळजवळ फायनल आहे. निदान माझ्याकडून. पुढच्या गाडीचा वायरलेस चालू हवा, हा नियम. मग अँटेना मोडून फायदा कोणाचा? दातांच्या डॉक्टरचा. कायम तोच पुढे असतो. शिवाय पकड हातात धरायची रोजची सवय.

बायको म्हणते, गेटच्या कमानीला लागला असेल. हसू आलं. जीप घेतल्यापासून त्याच कमानीखालून आत आणतोय. आता काय कमान खाली आली?

जाता जाता : नवे टायर झकास. गाडी वीतभर उंच झाली. शेजारी जळतायत.

१३ नोव्हेंबर, मंगळवार.
दुकानदारानं पुढे केलेला अँटेना घेतला नाही. न खपलेला माल आधी दाखवतात. खालच्या कप्प्यातला मागितला. दोन्ही एकच आहेत, म्हणाला. इतक्या चटकन म्हणाला की खालचाच घेतला. बसवून देतो म्हणाला, तर नको म्हटलं. हे लोक एक गोष्ट बसवताना दुसरी सैल करून ठेवतात.

१५ नोव्हेंबर, गुरुवार.
स्वतः बसवला. थोडा वेळ लागला, कारण मी काम नीट करतो. एक वॉशर उरला. कंपनी जास्तीचा देत असणार.

माइक खाचखळग्यांत खाली पडतो, म्हणून रबरबँडनं घट्ट बांधून टाकला. गटात इतकं डोकं कोणाचं चालत नाही.

माझ्या भावाच्या गाडीशी बोलून टेस्ट घ्या, असं बायको म्हणाली. म्हणजे मेहुण्याला कळणार, मेहुण्याकडून डॉक्टरला. टेस्ट कॅन्सल.

१८ नोव्हेंबर, रविवार. निघताना.
डॉक्टर म्हणतो, अँटेना नवा आहे, जेवणापर्यंत शेवटी राहा, मग तुम्ही पुढे. ठीक. बघून घेईन.

बायको मेहुण्याच्या गाडीत. माझ्याकडे सामान आहे, असं मीच म्हटलं होतं. पण तिनं जराही आग्रह केला नाही. लक्षात ठेवलंय.

त्याच दिवशी. घरी आल्यावर.
कट उघड झाला. निघाल्यापासून वायरलेसवर कोणी चकार शब्द काढला नाही. एरवी यांची बडबड थांबत नाही. मला वाळीत टाकायचं ठरवूनच आले होते. मग मीही कोणाला हाक मारली नाही. एकट्यानं मोकळेपणानं बोलत राहिलो, गाडीत मला सवयच आहे. डॉक्टरनं बसवलेली दाढ कशी हलते, मेहुणा बहिणीचं लग्न होईपर्यंत किती नम्र होता, सगळं सविस्तर. दोन गाणीही म्हटली.

ओढ्यात इंजिन बंद पडलं. बाकीचे पार पुढे गेलेले. पाणी दारातून आत. मी काही वेळ शांतपणे विचार केला.

एवढ्यात पाचही गाड्या परत. मी बोलावलं नव्हतं. यांना कळलं कसं? डॉक्टर पाण्यात उतरला आणि काही न विचारता त्यानं इंजिन चालू करून सरळ चारही चाकं ओढायला लावणारा फोर व्हीलचा दांडा टाकला. तो मी कधीच वापरलेला नाही, हे त्याला कोणी सांगितलं? वर माझ्या माइकचा रबरबँड काढून खिशात घातला. रबरबँडसुद्धा सोडत नाही माणूस.

नंतर सगळे फार गोड वागले. मेहुण्यानं स्वतःचा टॉवेल दिला. इतकं गोड कोणी उगाच वागत नाही.

१९ नोव्हेंबर, सोमवार.
बायकोला स्पष्टच विचारलं, माझ्या गाडीत पाळत ठेवायला काय बसवलंय?

ती आधी सांगेना. डॉक्टरनं सगळ्यांना गप्प राहायला बजावलंय म्हणे. मग सांगितलं. रबरबँडखाली माइकचं बटण दाबलं गेलं होतं. निघाल्यापासून. एकाचं बटण दाबलेलं असलं की बाकीच्यांना बोलता येत नाही, फक्त ऐकावं लागतं. दाढ, मेहुणा, गाणी. अँटेना उत्तम निघाला, म्हणाली.

ओढ्यातलंही ऐकलं का, विचारलं.

ती म्हणाली, "तेच ऐकून दादानं गाडी फिरवली. तुम्ही रडत होतात. ही बरोबर नाही ते बरं झालं, नाहीतर हिलाही बुडवलं असतं, असं म्हणत होतात."

खरंच फार घाबरलो होतो.

संध्याकाळी.
डॉक्टरचा फोन. दाढ दाखवायला उद्याच या, म्हणाला. पुढच्या फेरीत माझी गाडी मधे. पुढे तो, मागे मेहुणा. बायको माझ्याच गाडीत बसणार आहे.

यात कोणाचा काय डाव असेल, यावर बराच वेळ सिरीयसली विचार केला. काहीच सापडलं नाही. फार लाज वाटली.